अंजनाचा हात

माझ्या दोन भावजया. सुदामची बायको अंजना आणि धाकट्या नरेंद्रची बायको माया. दोघींची घरं एकाच वस्तीत, मधे एक चिंच आणि एक बंद पडलेली बोअर. गाव नेवरोली. बदलापूर सोडलं की बारवी धरणाच्या वाटेवर रिक्षावाला जिथं म्हणतो, "आता पुढे नाय जाणार, मावशी," तिथून थोडं आत. मी अंबरनाथ पश्चिमेला मुलाकडे राहते, पण महिन्यातले निम्मे दिवस माझा मुक्काम नेवरोलीत. सून म्हणते, आई, तुमचं रेशनकार्ड तिकडेच करून टाकू. हसून म्हणते, म्हणून चालतं.

मायाबद्दल लिहायला लोक आहेत. ती सरपंच आहे, तिचा फोटो पेपरात येतो. अंजनाचा फोटो एकदाच आला आणि त्यातही ती अर्धीच आली. बाकीची अर्धी उपसरपंचाच्या खांद्यामागे गेली. म्हणून मी अंजनाचं लिहिते आहे. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, तेव्हा काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

अंजना उंच, हाडानं मोठी, बोलायला कमी. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून टेम्पो येतो आणि शिवलेल्या पँटींचे गठ्ठे दारात टाकून जातो. त्या पँटींच्या शिलाईचे सुटलेले धागे कापायचे, हे तिचं काम. लेक भावना पाळण्यात होती तेव्हापासून ती ते करते. निळा धागा तिच्या पदराला, केसांना, कधी कधी भाताला. भावना आता चिखलोलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, नवऱ्यासोबत. ती म्हणते, आई येऊन गेली की सोफ्यात निळा धागा सापडतोच.

धागे कापून कापून उजवा खांदा धरला. आधी मुंग्या आल्या, मग दुखणं आलं, मग दुखणंही गेलं. हात नुसता लटकायला लागला, टेबलाच्या उंचीपर्यंत जायचा, त्याच्या वर नाही. डॉक्टर म्हणाला, खांदा जाम झालाय, रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. तिनं काही दिवस चालवली बोटं. मग सोडलं. विचारलं तर म्हणाली, "भिंत मळते."

राजकारणाची हौस तिची नव्हती, सुदामची होती. वस्तीतल्या बुद्धविहाराचा पत्रा असो की रस्त्यावरचा दिवा, सुदाम अर्ज घेऊन पंचायतीत हजर. तिथं त्याला पायरीवर थांबवायचे. एकदा मला म्हणाला, "आक्का, एक दिवस आपलं माणूस आत बसेल आणि हे पायरीवर थांबतील." मी म्हटलं, थांबतील कशाला, ते खिडकीतून आत येतील. हसला होता.

करोनाच्या मधल्या काळात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सात मेंबर. आमच्या लोकांसाठी दोन जागा, त्यातली एक बाईची. त्या जागेवर सुदामनं अंजनाला उभं केलं. दुसऱ्या जागेवर नरेंद्रला राहायचं होतं, पण तो उपसरपंच जनू शेठचा डंपर चालवायचा, दिवस दिवस घरी नसायचा. त्यानं मायाला उभं केलं. दोघी निवडून आल्या. वस्तीनं दोघींना एकाच हारात घालून मिरवलं. हार छोटा पडला, दोघींची डोकी एकमेकींवर आपटली, सगळे हसले. दोघी जावांचं एकत्र हसणं मी तेव्हा शेवटचं ऐकलं.

कारण त्यानंतर सरपंचपदाची सोडत निघाली. तहसील कार्यालयात चिठ्ठी काढली आणि नेवरोलीच्या नावापुढे आलं, अनुसूचित जाती, महिला. म्हणजे सात मेंबरांत सरपंच होऊ शकणाऱ्या बायका दोनच, त्याही एका घरच्या. सुदाम म्हणाला, थोरली म्हणून अंजना. नरेंद्र म्हणाला, दहावी पास म्हणून माया. जनू शेठकडे बाकीचे मेंबर होते. त्यानं विचार केला, मायाचा नवरा आपल्या डंपरवर, म्हणजे माया आपल्या खिशात. हात मायाच्या बाजूनं पडले. सुदामनं भावाशी बोलणं टाकलं.

मग दुसरी लाट आली. सुदामला उल्हासनगरला दवाखान्यात ठेवला. अंजना रोज डबा घेऊन जायची आणि गेटवर देऊन यायची. एक दिवस डबा परत आला. सोबत एका पिशवीत त्याचा शर्ट, चष्मा, फोन. माणूस दाखवला नाही, त्या दिवसांत कुणालाच दाखवत नव्हते. तिकडेच सगळं केलं. अंजना घरी आली, डबा घासला, उपडा घातला आणि पँटींचा गठ्ठा ओढून बसली. माया रडत दारात आली, तर दार लावलेलं. आतून कात्रीचा आवाज येत होता.

मी तिच्याजवळ राहिले. तिला रडू यावं म्हणून मीच रडून बघितलं. ती मला पाणी आणून द्यायची. "अंजना, कसं वाटतं गं?" विचारलं की म्हणायची, "काय नाय वाटत, आक्का." खोटं बोलायची नाही ती. खरंच काही वाटत नव्हतं.

मिटिंगा सुरू झाल्या तसा जनू शेठ तिला न्यायला जीप पाठवायला लागला. अंजना जायची, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. ठराव वाचला जायचा, "हात वर करा" म्हटलं की जनू शेठ आपला हात वर करायचा आणि दुसऱ्या हातानं अंजनाचं मनगट धरून तेही वर न्यायचा. म्हणायचा, खांदा धरलाय, बिचारी. सुरुवातीला त्यात दया असेलही. पुढे पुढे ती सवय झाली. ग्रामसेवक हात मोजायचा, जनू शेठचे दोन असं म्हणायचा नाही एवढंच. मी एकदा तिला विचारलं, "आज कसला ठराव होता गं?" म्हणाली, "लाईटचा असेल. नायतर गटाराचा." तिला फरक पडत नव्हता.

पण माया काही खिशात राहिली नाही. दोन वर्षं गप्प बसली, शिकली, मग तिला तोंड फुटलं. डोंगराच्या अंगाला एका बिल्डरनं जमीन घेतली होती आणि तिकडे जायला गावच्या गुरचरणातून रस्ता पाहिजे होता. जनू शेठ मधला माणूस. माया म्हणाली, गावसभेत ठेवा, लोक हो म्हणाले तर मी सही करते. आणि वर म्हणाली, "शेठ, गुरचरण गुरांचं आहे, तुमचं नाही. तुम्ही गुरं असाल तर सांगा." हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलली. दुसऱ्या दिवशी नरेंद्र डंपरवरून उतरला तो कायमचा. आता बदलापूरला रिक्षा चालवतो.

त्या आठवड्यात जनू शेठ अंजनाच्या दारात. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, हातात साडीचा बॉक्स. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"अंजनावयनी, मायावर अविश्वास आणतोय," तो म्हणाला. "बाई सरपंच असली की कायद्याला हात जास्त लागतात. सातांतले सहा. पाच आमचे, सहावा तुझा. माया गेली की मग सरपंच कोण? तूच. दुसरी बाईच नाय ना तुमच्यातली."

अंजना धागा कापत होती.

"तुला काय करायचं नाय. खुर्चीत बसायचं. सह्या कुठे करायच्या ते ग्रामसेवक दाखवेल."

"खुर्चीला हात हायेत का?" अंजनानं विचारलं.

जनू शेठ गोंधळला. "हात?"

"खांदा टेकायला. तिथल्या खुर्च्यांना नायेत. तास-दोन तास बसलं की ओढ लागते."

"गो बाय, हाताची काय, चाकाची आणतो तुला! गोल फिरणारी!" मग त्यानं आवाज खाली केला. "सुदामचं स्वप्न होतं ते. माझा त्याच्यावर राग नव्हता हां. पुरं कर त्याचं."

सुदामचं नाव घेतल्यावर मी तांदळातून वर बघितलं. अंजनानं नाही बघितलं. म्हणाली, "बरं."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, बरं काय बरं?"

"मग काय म्हणू, आक्का?"

"माया आपली आहे."

"हाय ना," अंजना म्हणाली. "सुदाम पण होता."

मी पुन्हा तांदळात बोटं घातली. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात येऊन गेलं की सुदामला किती बरं वाटलं असतं, अंजना त्या खुर्चीत बसलेली बघून. एका घरच्या दोघींपैकी कुणीही बसली तरी मी सरपंचाची नणंदच राहणार होते. पण एक बसणार होती स्वतःच्या पायांवर, आणि दुसरीला बसवणार होते, हे मलाही दिसत होतं.

मतदानाच्या आधी मेंबरांना सहलीला नेतात. शाळेतल्या पोरांसारखी सहल, फक्त परत येईपर्यंत फोन काढून घेतात, म्हणजे समोरच्यानं कुणाला फोडायला नको. कर्जतच्या पुढचं एक फार्महाऊस ठरलं. अंजनानं पिशवीत एक साडी घेतली आणि धागे कापायची छोटी कात्री. मी म्हटलं, तिथं कशाला कात्री? म्हणाली, हाताला काम नसलं की मला बसता येत नाय.

तिथं काय झालं ते मला मोतीबाईनं सांगितलं. मोतीबाई ही गावातल्या बाजूची मेंबर, माझ्याच वयाची, तोंडाची सैल, मनानं वाईट नाही. पूर्वी आमच्या बायकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. आता ओतत नाही. आता प्यायच्या पाण्याची नवी बाटली देते, सील न फोडलेली. सुधारणा आहे.

"आक्के, काय सांगू तुला," मोतीबाई म्हणाली. "बायका आम्ही चौघी, दोघींनी आधीच एक खोली धरली. आमच्या वाट्याला खोली एक, पलंग एक, संडास एक! मी म्हटलं, आता काय करतंस मोते? खाली झोपू तर लादी बर्फासारखी. झोपले मग तिच्या बाजूला. घोरत नाय गो ती. माझा नवरा घोरायचा."

"आणि एसी?"

"एसी! मी रिमोट सोडलाच नाय हातातला. दोन्ही दिवस फुल्ल. घरी पंखा पण गरम हवा मारतो आमच्या."

पुरुष मेंबर पोहायच्या टाकीत उतरले, कोंबडी झाली, पत्ते झाले. अंजना टाकीच्या कडेला बसून होती. जनू शेठनं हाक मारली, "सरपंचबाई, पाय तरी घाला पाण्यात!" तिनं पाय घातले. त्यानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी जेवताना मोतीबाईनं पाहिलं की अंजनाला ताटाकडेही हात नेता येत नाही, डाव्या हातानं जेवली. एसीच्या गारठ्यानं खांदा पार धरला होता.

"मी बाम लावला चोळून," मोतीबाई म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता, "खांदा कसला, लाकूड हाय गो. मी म्हटलं दुखतंय का? नाय म्हणाली. म्हटलं मग रडतंस कशाला? तर म्हणाली, मी कुठे रडतेय. आणि डोळ्यांतून तर पाणी चाललंय. तिला तिचं कळतच नव्हतं."

सुदाम गेल्यापासून तिच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात असा लागला तो मोतीबाईचाच. मी जवळ होते, पण मी नुसती विचारत बसले होते.

मतदानाच्या दिवशी जीप थेट पंचायतीसमोर थांबली. सकाळची वेळ. बाहेर वस्तीतली माणसं, गावातली माणसं, दोन पोलीस. मी व्हरांड्यात खिडकीशी जागा धरली. आत लांब टेबल. मधे तहसीलदार मॅडम, चाळिशीच्या, घाईत असलेल्या. एका टोकाला माया, निळी साडी, ओठ घट्ट. तिनं अंजनाकडे बघितलं नाही. अंजना जनू शेठच्या शेजारी, नेहमीच्या खुर्चीत. डाव्या हातानं उजवा हात उचलून तिनं तो टेबलावर ठेवला, जशी आपण पिशवी ठेवतो.

मॅडमनी ठराव वाचला. सरपंच कामात सदस्यांना विश्वासात घेत नाहीत, उद्धट बोलतात, वगैरे. मायाला बोलायला सांगितलं. माया उठली, म्हणाली, "उद्धट बोलले ते खरं आहे. बाकी खोटं आहे," आणि बसली.

"ठरावाच्या बाजूनं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करावा."

हात वर गेले. मोतीबाईच्या बांगड्या वाजल्या. जनू शेठनं आपला उजवा हात वर केला आणि डाव्यानं, सवयीनं, न बघता, अंजनाचं मनगट धरून वर नेलं.

मॅडमचं पेन थांबलं. "अहो, हे काय करताय तुम्ही?"

"मॅडम, तिचा हात वर जात नाही," जनू शेठ म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला. "खांदा धरलेला हाय. दर मिटिंगला मीच वर करतो."

व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं. ग्रामसेवक कागदात डोकं घालून काहीतरी शोधायला लागला, जे तिथं नव्हतं.

"दर मिटिंगला?" मॅडम म्हणाल्या.

आता जनू शेठला कळलं आपण काय बोललो. "म्हणजे मदत, मॅडम. बाईमाणूस, विधवा..."

"सोडा तो हात."

त्यानं सोडला. हात धप्पदिशी टेबलावर पडला. मला वाटलं, लागलं असणार. अंजनाच्या तोंडावर काहीच नाही. ती त्या हाताकडे बघत होती, कुणी दुसऱ्यानं विसरलेली वस्तू असावी तशी.

"अंजनाबाई," मॅडम म्हणाल्या, "डावा हात वर केलात तरी चालेल. नुसतं तोंडानं सांगितलंत तरी मी लिहून घेईन. पण तुमचं तुम्ही सांगायचं. ठरावाच्या बाजूनं आहात का?"

"कर गो, डावा कर," मोतीबाई हळूच म्हणाली. "जेवणं राहिलीत."

अंजनाचा डावा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला. सगळे तिच्याकडे बघत होते, माया सुद्धा. मला खिडकीचे गज हातात रुतत होते. मनात म्हटलं, सुदाम, तूच काय ते बघ.

"नाय," अंजना म्हणाली.

"काय नाय?" मॅडमनी विचारलं. "हात वर करायचा नाही, की ठराव मान्य नाही?"

अंजनानं विचार केला. खरंच केला, घाई न करता, जसं कुणी दुकानात विचारावं की साखर हवी की गूळ.

"दोन्ही नाय," ती म्हणाली.

पाच हात. ठराव पडला. बाहेर वस्तीतल्या पोरांनी जयभीमच्या घोषणा दिल्या, कुणीतरी फटाक्याची माळ लावली, पोलिसानं ती विझवली. जनू शेठ जीपमध्ये बसून निघून गेला. अंजनाची पिशवी जीपमध्येच राहिली, कात्रीसकट. ती मोतीबाईनं दोन दिवसांनी आणून दिली.

संध्याकाळी माया पेढे घेऊन आली. किती दिवसांनी त्या उंबऱ्यात आली होती. आत यावं की नाही तिला कळेना, बॉक्स पुढे धरून उभी.

"ताई," म्हणाली आणि रडायला लागली. "ताई, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाय केलं," अंजना म्हणाली.

मायाचा हुंदका मधेच अडकला. मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला.

"मग कशासाठी गं?" मी विचारलं. "सुदामला पाहिजे होतं ते समोर होतं. एक हात काय तो."

"काय म्हायत, आक्का. त्या बाईनं विचारलं, मी नाय बोलले." मग थोड्या वेळानं म्हणाली, "सुदामनं पण मला विचारलं नव्हतं. फारम आणला, म्हणाला सही कर. मी केली."

ती रागानं बोलली नाही. पाऊस झाला की नाही सांगावं तसं बोलली. माझा भाऊ तो. मायानं पेढा काढून अंजनाच्या तोंडाशी नेला, अंजनानं तो डाव्या हातात घेतला आणि अर्धा मला दिला.

पुढच्या आठवड्यापासून टेम्पो दारात यायचा बंद झाला. टेम्पो जनू शेठच्या पुतण्याचा. गठ्ठे मोतीबाईच्या आळीला पडायला लागले. अंजना काही दिवस रिकाम्या दारात बसली. मग नरेंद्रनं न सांगता सकाळी रिक्षा आणून उभी केली, तिला उल्हासनगरच्या कॅम्प दोनला घेऊन गेला, तिथं एका सिंधी शेठकडे ओळख होती. ती आता तिकडून थोडा माल आणते, रिक्षात मावेल तेवढा. नरेंद्र आणि ती वाटेत काय बोलतात विचारलं तर म्हणते, काय नाय, तो गाणी लावतो.

मला वाटलं, आता बाई बदलेल, जोरात येईल, भाषण करेल. तसं काही झालं नाही. काय वाटतं विचारलं की अजून तेच, काय नाय वाटत. फरक एवढाच पडला की मिटिंगला ती चालत जायला लागली आणि जनू शेठच्या शेजारची खुर्ची सोडून भिंतीकडची घेतली.

आणि तिथं बसून हात वर करायचं तिनं बंद केलं. कशालाच करेना. दिव्याचा ठराव, नाही. गटाराचा, नाही. आधी लोकांना वाटलं, खांदा. मग डावा हातही वर जाईना तेव्हा कळलं.

परवा मायाचा फोन आला, रात्रीचं जेवण करत होते मी.

"आक्का, तुमच्या भावजयीला सांगा जरा!"

"कुठल्या? दोघी माझ्याच."

"चेष्टा करू नका. आपल्या वस्तीचा नळ मंजूर करायचा होता. आपल्या वस्तीचा! जनू शेठची माणसं विरोधात, एक हात कमी पडत होता, आणि या हात खाली घालून बसल्या. म्हणतात, आधी समजावून सांगा. मी म्हटलं, ताई, पाणी आहे पाणी, त्यात काय समजवायचं? तर म्हणतात, पाइप कुठून कुठे जाणार ते सांग."

"मग सांगायचं."

"सांगितलं."

"कुठून कुठे जाणार आहे?"

"टाकीपासून चिंचेपर्यंत."

चिंचेच्या अलीकडे मायाचं घर. पलीकडे अंजनाचं, आणि त्याच्या मागे बाकीची वस्ती.

"आक्का, पैसे तेवढेच आले होते," माया म्हणाली. "पुढचं पुढच्या वर्षी करणारच होते मी. खोटं नाही सांगत."

"तिनं काय म्हटलं?"

"म्हणाल्या, मग चिंचेपासून सुरू कर आणि टाकीकडे ये. पुढच्या वर्षी तुझ्या दारात येईल. सगळे हसले, आक्का. जनू शेठ सुद्धा हसला. माझ्याच मिटिंगीत."

"मग?"

"मग काय. तहकूब केली. सोमवारी इंजिनियरला बोलावलंय, नकाशा घेऊन. त्या म्हणाल्या, मला वाचता येत नाय नीट, बोट ठेवून दाखवायला सांग."

फोन ठेवल्यावर मी अंजनाला लावला. तिनं उचलला, मागे कुकरची शिट्टी.

"काय गं, मायाला रडवलंस म्हणे?"

"रडली नाय ती. चिडली," अंजना म्हणाली. "सोमवारी येशील का, आक्का? मिटिंगला बाहेर बस. एकटीला इतका वेळ बसायला कंटाळा येतो."

मी म्हटलं, येते. सुनेला सांगितलं, सोमवारी मी नेवरोलीला. ती म्हणाली, "रेशनकार्ड घेऊन जा, आई."